एकाच कोडच्या अनेक प्रती : स्वतंत्र लायब्ररी करताना काय पाळावे?

निफाडकर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळच्या एका छोट्या कंपनीत मी काम करतो. द्राक्षांची पॅकहाउस, कांदा व्यापारी आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. सर्व्हरचा भाग पायथनमध्ये आहे आणि ब्राउझरचा जावास्क्रिप्टमध्ये. क्षेत्राचे रूपांतर, वजनाचे रूपांतर, रक्कम पूर्णांकात आणणे, हिशोबपट्टी तयार करणे आणि शेतकऱ्यांची नावे ताडून पाहणे ही कामे प्रत्येक प्रकल्पात लागतात, आणि आजवर प्रत्येक वेळी आधीच्या प्रकल्पातला कोड उचलून नव्यात चिकटवला गेला आहे. आता या प्रती एकमेकींपासून इतक्या दुरावल्या आहेत की कोणती बरोबर, हे वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

हे सगळे एका लायब्ररीत, म्हणजे सर्व प्रकल्पांना वापरता येईल अशा एकाच सामाइक कोडसंचात, आणावे असे ठरते आहे. ज्यांनी अशी लायब्ररी दीर्घकाळ सांभाळली आहे त्यांनी सांगावे की सुरुवात कोठून करावी, लायब्ररीत काय घ्यावे, आवृत्त्यांचे नियम कसे ठेवावेत, आणि पुढे ती इतरांसाठी खुली करायची झाल्यास आजच कोणती काळजी घ्यावी.

गंगापूररोड

सुरुवात कोडपासून करण्याऐवजी तुमच्या यादीपासून करू, कारण तुम्ही सांगितलेल्या पाच कामांपैकी निदान एक मला लायब्ररीत नको आहे.

तेच काम तिसऱ्यांदा करावे लागले की ते वेगळे काढावे, हा संकेत मार्टिन फाउलर यांनी डॉन रॉबर्ट्स यांच्या नावाने प्रसिद्ध केला आणि तो बहुतेकांना ठाऊक असतो. त्यातला ‘तेच’ हा भाग मात्र फारसा तपासला जात नाही. दोन ठिकाणचा कोड आज सारखा दिसतो एवढ्यावरून तो एक ठरत नाही. उद्या तो ज्या कारणाने बदलेल ते कारणही एकच असले पाहिजे. गुंठ्याचे चौरस मीटर करण्याचा नियम कोणत्याही ग्राहकासाठी बदलणार नाही. हिशोबपट्टीचे तसे नसते. हमाली, तोलाई, वाराई यांचे दर आणि ते कोणाकडून कापायचे हे बाजार समितीनुसार बदलते, शिवाय प्रत्येक व्यापाऱ्याची पट्टीची मांडणी वेगळी असते. ती लायब्ररीत घातलीत तर पहिल्या वर्षी एका फंक्शनला चार पर्याय असतील आणि तिसऱ्या वर्षी चौदा. त्यातले निम्मे एकेकाच ग्राहकासाठी असतील, आणि तरीही त्यांना हात लावायला सगळे घाबरतील.

१९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचे स्वतंत्र भाग, कसे पाडावेत यावर जो निबंध लिहिला त्याचा गाभा हाच होता. कामाच्या पायऱ्यांनुसार तुकडे पाडण्यापेक्षा, जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एकेका मॉड्यूलच्या आत झाकून ठेवावा. या कसोटीने पाहिले तर क्षेत्र, वजन आणि रक्कम लायब्ररीत बसतात, हिशोबपट्टी प्रकल्पातच राहते, आणि नावांच्या जुळणीबद्दल मी थोडा साशंक आहे.

ओझरकर

गंगापूररोड यांच्याशी सहमत आहे. क्षेत्राचेच उदाहरण घेऊन पुढे लिहितो, कारण लायब्ररीचा बाहेरचा चेहरा कसा असावा हे त्यात नीट दिसते.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे असते. शेतकरी बोलतो एकरात आणि गुंठ्यांत. एक आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही आकडे इतके जवळचे आहेत की अनेक ठिकाणी गुंठा आणि आर एकच मानून काम चालवले जाते. एका एकरामागे साधारण ४७ चौरस मीटरचा फरक पडतो आणि पाच एकरांच्या बागेत तो दोन गुंठ्यांच्या पुढे जातो. हेक्टरी उत्पादन किंवा हेक्टरी औषधाचे प्रमाण काढताना हा फरक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणूनच तो वर्षानुवर्षे टिकतो.

आता तुमच्या लायब्ररीतले फंक्शन नुसता एक आकडा घेत असेल आणि एक आकडा परत देत असेल, तर ते बोलावणाऱ्या कोडने गुंठे दिले की आर, हे कोणालाच कळणार नाही. त्यापेक्षा ‘क्षेत्र’ असा एक प्रकार (टाइप) तयार करावा. त्याच्या आत चौरस मीटरच असावेत, आणि तो तयार करण्याचे मार्ग नावानिशी वेगळे असावेत: गुंठ्यांवरून, हेक्टर-आरवरून, सातबाऱ्यावर लिहितात तशा ‘१.२५.५०’ या मजकुरावरून. बाहेर काढतानाही एकक सांगितल्याशिवाय आकडा मिळू नये. चुकीचा वापर टीप लिहून टाळण्यापेक्षा तो करताच येऊ नये अशी रचना करणे कधीही चांगले, कारण टीप वाचली जातेच असे नाही.

पेटीच्या वजनालाही हेच लागू आहे. निर्यातीची पेटी ४.५ किलोचीही असते आणि ५ किलोचीही. त्यामुळे ‘पेट्यांचे किलो करा’ असे फंक्शन देऊन त्यात पेटीचे वजन गृहीत धरू नका. ते बोलावणाऱ्याकडून मागून घ्या.

संगणकविद्यार्थी

मी नाशिकमध्येच अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ओझरकर सरांनी वर लिहिलेले पटले, पण प्रत्येक आकड्यासाठी वेगळा प्रकार केला तर कोड उगाच मोठा होत नाही का? आणि रकमेसाठी साधा फ्लोट (अपूर्णांक ठेवण्याचा नेहमीचा प्रकार) का चालत नाही, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

ओझरकर

प्रत्येक आकड्यासाठी नकोच. जेथे दोन एककांची गल्लत होऊ शकते आणि झालेली गल्लत दिसत नाही, तेथेच करावा. शेतकऱ्यांची संख्या साध्या पूर्णांकात ठेवली तरी कोणाचे काही बिघडत नाही.

रकमेबद्दल सांगायचे तर फ्लोट दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, आणि ०.१ ही संख्या त्या पद्धतीत नेमकी मांडता येत नाही. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी तुलना केल्यावर असमान ठरते. रक्कम पैशांच्या पूर्णांकात ठेवावी किंवा पायथनचा डेसिमल, म्हणजे दशांश अपूर्णांक नेमके ठेवणारा प्रकार, वापरावा. निफाडकर यांच्यापुढे याहून वेगळी अडचण उभी राहणार आहे, कारण त्यांच्याकडे भाषा दोन आहेत. पायथन ३ मधले राउंड २.५ चे २ करते, कारण अर्ध्यावरची संख्या ते जवळच्या सम अंकाकडे नेते. जावास्क्रिप्टमधले मॅथ-राउंड त्याच संख्येचे ३ करते. व्यापाऱ्याला पडद्यावर एक रक्कम दिसेल आणि छापील पट्टीवर दुसरी. फरक रुपयाचाच असला तरी भांडणाला तो पुरेसा असतो.

म्हणून कोणत्याही भाषेचा आयता नियम न घेता लायब्ररीचा स्वतःचा नियम लिहून ठेवा, आणि टेस्टची, म्हणजे कोड तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रामांची, उदाहरणे कोडमध्ये न लिहिता एका वेगळ्या जेसन फाइलीत (कोणत्याही भाषेला वाचता येणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलीत) ठेवा: आत काय दिले आणि बाहेर काय यायला हवे. पायथनची आणि जावास्क्रिप्टची टेस्ट तीच फाइल वाचतील. जेसन मजकुराची रचना तपासणाऱ्या जेसन स्कीमाच्या निरनिराळ्या भाषांतल्या अंमलबजावण्या अशाच एका सामाइक टेस्ट-संचावर तपासल्या जातात. नवी चूक सापडली की आधी त्या फाइलीत एक ओळ वाढवायची, दोन्हीकडच्या टेस्ट नापास झालेल्या पाहायच्या, आणि मगच कोड दुरुस्त करायचा. काही महिन्यांनी तीच फाइल तुमच्या धंद्याच्या नियमांचा सर्वांत विश्वासार्ह दस्तऐवज होते.

गंगापूररोड

आता आवृत्त्या. आवृत्तीला मेजर.मायनर.पॅच असे तीन आकडे देणाऱ्या सिमँटिक व्हर्जनिंगचे नियम सर्वांना तोंडपाठ असतात: जुना वापर मोडणारा बदल असेल तर मेजर आकडा वाढवा, जुने न मोडता काही नवे दिले तर मायनर, आणि नुसती दुरुस्ती असेल तर पॅच. याच नियमावलीत असेही म्हटले आहे की मेजर आकडा शून्य असेपर्यंत काहीही केव्हाही बदलू शकते. या सवलतीचा फायदा घेऊन अनेक लायब्रऱ्या वर्षानुवर्षे शून्यावरच राहतात, जे मला पटत नाही. ज्या दिवशी तुमचा दुसरा प्रकल्प ती प्रत्यक्ष ग्राहकाकडे चालवू लागेल त्या दिवशी १.०.० जाहीर करून टाका.

अवघड भाग वेगळाच आहे. ‘जुना वापर’ म्हणजे काय हे तुम्ही ठरवत नाही, वापरणारे ठरवतात. गुगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की वापरणारे पुरेसे वाढले, की तुम्ही करारात काय लिहिले आहे याला महत्त्व उरत नाही. बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक वर्तनावर कोणी ना कोणी विसंबलेले असते. तुम्ही चुकीच्या क्षेत्रासाठी जो त्रुटी-संदेश देता त्यातला शब्द शोधून पुढचा निर्णय घेणारा कोड कोणीतरी लिहितो. तुम्ही परत दिलेल्या यादीचा क्रम सहज म्हणून वर्णानुक्रमे आला असेल, तर कोणीतरी तो गृहीत धरतो. पुढे तुम्ही संदेशातले शुद्धलेखन सुधारलेत तरी कुठे ना कुठे काहीतरी मोडते. यावर पूर्ण उपाय नाही, पण ओझे कमी करता येते. त्रुटींना स्वतःचे वेगळे प्रकार द्या, म्हणजे संदेश वाचण्याची गरज उरणार नाही; जे बाहेर दाखवण्याची आज गरज नाही ते आत ठेवा. आतले पुढे केव्हाही बाहेर आणता येते, पण बाहेर दिलेले परत आत घेताना प्रत्येक वापरणाऱ्याची मनधरणी करावी लागते.

इंटरनेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याच्या लिबकर्ल या लायब्ररीकडे पाहा. २००६ मधील ७.१६.० या आवृत्तीपासून त्यांनी आपला बायनरी इंटरफेस मोडलेला नाही, म्हणजे तेव्हा जोडलेला प्रोग्राम आजच्या लिबकर्लवर चालला पाहिजे. याउलट पायथन २ वरून ३ कडे जाताना भाषेनेच जुना वापर मोडला. पायथन ३.० आले डिसेंबर २००८ मध्ये आणि पायथन २ चा आधार संपला १ जानेवारी २०२० रोजी. एवढ्या मोठ्या समाजालाही त्या बदलाला अकरा वर्षे लागली. तो बदल चुकीचा होता असे मी म्हणत नाही, कारण मजकूर आणि बाइट वेगळे करणे आवश्यकच होते आणि देवनागरीत काम करणाऱ्यांना तर त्याचा मोठाच फायदा झाला. मोडण्याची किंमत कोण आणि किती काळ मोजतो, हे मात्र त्यातून कळते.

काढून टाकायच्या फंक्शनबद्दल एक तांत्रिक सूचना. पायथनमध्ये डेप्रिकेशन-वॉर्निंग, म्हणजे ‘हे फंक्शन पुढे जाणार आहे’ अशी सूचना, दिलीत म्हणजे सर्वांना ती दिसली असे समजू नका. मुख्य प्रोग्रामच्या फाइलीतून आलेली सोडली तर ती आपोआप दडवली जाते. पायटेस्ट या साधनाने टेस्ट चालवणाऱ्यांना मात्र दिसते. त्यामुळे वॉर्निंगबरोबर चेंजलॉगमध्येही (आवृत्तीगणिक बदलांच्या यादीतही) लिहा, कोणत्या आवृत्तीत ते फंक्शन जाणार हे सांगा, आणि त्याऐवजी काय वापरायचे याची एक ओळ उदाहरणासह द्या.

पाथर्डीफाटा

थोडा विरोधी सूर लावतो. वरचे सगळे बरोबर आहे, पण ते मोठ्या समाजासाठी आहे. पाच-सात जणांच्या कंपनीत आवृत्त्या, चेंजलॉग, डेप्रिकेशन ही सगळी व्यवस्था उभी करण्यात वेळ जाईल आणि प्रत्येक प्रकल्प वेगळ्याच जुन्या आवृत्तीवर अडकून पडेल. सगळे प्रकल्प एकाच रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या एकाच साठ्यात, आणा आणि सामाइक कोड तेथेच एका फोल्डरमध्ये ठेवा. काही मोडले तर त्याच दिवशी सर्व प्रकल्पांच्या टेस्ट नापास होतील, आणि ज्याने मोडले तोच सगळीकडे दुरुस्ती करेल. आवृत्तीचा प्रश्नच उरत नाही.

निफाडकर

पाथर्डीफाटा यांचा मुद्दा आमच्याकडेही निघाला होता. अडचण अशी आहे की काही ग्राहकांना करारानुसार त्यांच्या प्रकल्पाचा पूर्ण कोड द्यावा लागतो आणि त्यांचे सर्व्हर त्यांच्याच ताब्यात आहेत. द्राक्षांचा निर्यात हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल चालतो. त्या काळात पॅकहाउसवाले कोणताही बदल स्वीकारत नाहीत, आणि ते रास्तच आहे. कांदा व्यापाऱ्यांना मात्र त्याच महिन्यांत बदल हवे असतात. म्हणजे सगळे प्रकल्प एकाच दिवशी पुढे नेणे आम्हाला शक्य नाही.

पाथर्डीफाटा

मग तुम्हाला आवृत्त्या लागतीलच, माझा आग्रह मागे घेतो. तरी सुरुवातीला पॅकेजचा खासगी सर्व्हर उभारू नका. पॅकेज उतरवणारी साधने म्हणजे पायथनचे पिप आणि जावास्क्रिप्टच्या नोडचे एनपीएम; दोन्ही गिटमधल्या (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातल्या) विशिष्ट टॅगवरून, म्हणजे एखाद्या टप्प्याला दिलेल्या नावावरून, पॅकेज थेट उतरवू शकतात आणि तुमच्या आकाराला ते पुरेल. लावलेला टॅग मात्र पुन्हा हलवायचा नाही. ‘छोटीशीच दुरुस्ती होती’ म्हणून १.२.० चा टॅग पुढच्या कमिटवर (नंतर नोंदवलेल्या बदलावर) सरकवला, की दोन सर्व्हरांवर एकाच नावाचे दोन वेगळे कोड चालू लागतात.

कॉलेजरोड

लायब्ररी स्वतः कोणत्या लायब्रऱ्यांवर उभी आहे, हा विषय अजून आलेला नाही.

मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरील लेफ्ट-पॅड नावाचे ११ ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतले. मजकुराच्या डावीकडे ठरावीक लांबीपर्यंत भर घालणे एवढेच त्याचे काम होते, पण बेबेलसारखी जावास्क्रिप्टची मोठी साधने आडमार्गाने त्यावर अवलंबून असल्यामुळे जगभर बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करण्याचे काम, बंद पडले. त्यानंतर पॅकेज काढून घेण्याचे एनपीएमचे नियम बदलले. दुसरी घटना मार्च २०२४ मधली. एक्सझेड या संक्षेपण-लायब्ररीत, काही वर्षे मदत करून विश्वास मिळवलेल्या एका सहदेखभालकर्त्याच्या खात्यातून, मागचे दार, म्हणजे चोरून आत शिरण्याची वाट, घातले गेले. आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने) लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले आणि त्यांनी त्याचा माग काढला, म्हणून ते उघडकीस आले.

तुमच्या लायब्ररीची कामे रूपांतराची आणि आकडेमोडीची आहेत; तिला बाहेरचे एकही पॅकेज लागू नये. जेथे लागेलच तेथे लायब्ररीने नेमकी एक आवृत्ती न मागता मर्यादा सांगावी, आणि नेमकी आवृत्ती प्रकल्पाने स्वतःच्या लॉक-फाइलीत पक्की करावी. याचे कारण असे की पायथनच्या एका परिसरात (एन्व्हायर्नमेंटमध्ये) एका पॅकेजची एकच आवृत्ती राहू शकते. दोन लायब्रऱ्यांनी दोन वेगळ्या नेमक्या आवृत्त्या मागितल्या, तर त्या एकत्र नांदूच शकत नाहीत.

पायथनच्या लायब्ररीबाबत आणखी एक गोष्ट. लायब्ररीने प्रिंट करू नये, प्रोग्राम बंद करू नये आणि लॉगिंगची (घडामोडींच्या नोंदींची) मांडणी स्वतः ठरवू नये. पायथनच्या अधिकृत मार्गदर्शिकेत लायब्ररीने आपल्या लॉगरला फक्त नल-हँडलर (कोठेच काही न लिहिणारा) जोडावा असे सांगितले आहे. लॉग कोठे लिहायचा, हा निर्णय प्रकल्पाचा.

संगणकविद्यार्थी

दस्तऐवजीकरण किती लिहावे? आमच्या महाविद्यालयीन प्रकल्पात प्रत्येक फंक्शनच्या वर चार ओळी लिहायला सांगतात आणि त्या कोणीच वाचत नाही.

कॉलेजरोड

‘हे फंक्शन क्षेत्राचे रूपांतर करते’ असे क्षेत्र-रूपांतर नावाच्या फंक्शनवर लिहिले तर ते वाचण्याचे कारणच नाही. सहीवरून, म्हणजे फंक्शनचे नाव आणि त्याला काय द्यायचे व काय मिळणार यावरून, जे कळत नाही ते लिहावे: शून्य क्षेत्र चालते का, ऋण आकडा दिला तर काय होते, किती दशांश स्थळांपर्यंत उत्तर विश्वसनीय आहे. रीडमीत, म्हणजे लायब्ररीची ओळख करून देणाऱ्या फाइलीत, पहिल्याच पडद्यावर लायब्ररी काय करते, काय करत नाही आणि एक चालणारे उदाहरण एवढे असावे. ते उदाहरण पायथनच्या डॉकटेस्ट या साधनाने टेस्टबरोबर चालवता येते, म्हणजे कोड बदलला आणि उदाहरण जुनेच राहिले असे होत नाही. ‘काय करत नाही’ हा भाग लिहायला संकोच वाटतो, पण वाचणाऱ्याचा सर्वांत जास्त वेळ त्यानेच वाचतो.

गंगापूररोड

खुली करण्याबद्दल निफाडकर यांनी विचारले होते. कोड सार्वजनिक रिपॉझिटरीत ठेवला म्हणजे तो वापरण्याची परवानगी दिली असे होत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि परवाना लिहिला नसेल तर हक्क मालकाकडेच राहतात. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. म्हणून कंपनीची लेखी संमती आधी घ्या आणि परवान्याची फाइल पहिल्याच कमिटमध्ये असू द्या. एमआयटी परवाना सुटसुटीत आहे, अपाची २.० मध्ये पेटंटचे कलम स्पष्ट लिहिलेले आहे. कोणता घ्यावा हा निर्णय कंपनीच्या मालकांचा, पण नंतर बदलायचा झाला तर ज्यांनी ज्यांनी कोड दिला त्या सर्वांची संमती गोळा करावी लागू शकते, हे त्यांना आजच सांगा.

निफाडकर

सर्वांचे आभार. क्षेत्र, वजन आणि रक्कम एवढ्यांचीच लायब्ररी करतो आणि हिशोबपट्टी प्रकल्पांतच ठेवतो. टेस्टची उदाहरणे सामाइक जेसन फाइलीत जातील. नावांच्या जुळणीचे मात्र ठरत नाही. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन याद्यांत डोळ्यांना सारखेच दिसते, पण संगणक ते वेगळे मानतो. युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या समतुल्य पद्धती एकरूप करणे, लावूनही फरक पडला नाही.

ओझरकर

एनएफसीने तो सुटणार नाही. त्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: युनिकोड ०९३१ या ‘ऱ’ ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झीरो-विड्थ-जॉइनर जोडून. दुसरा प्रकार जुन्या मजकुरासाठी मान्य ठेवलेला आहे, पण युनिकोडच्या दृष्टीने हे दोन क्रम समतुल्य नाहीत. एनएफसी फक्त ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता यांना एकत्र करून ‘ऱ’ करते. त्यामुळे जॉइनरचा क्रम ‘ऱ’ च्या क्रमात बदलण्याचा नियम तुम्हालाच लिहावा लागेल, आणि तो एनएफसीच्या आधी चालवलात तरी नंतर चालवलात तरी चालेल.

हे फंक्शन लायब्ररीत घ्यावे असे मला वाटते, परंतु वेगळ्या पॅकेजमध्ये, कारण क्षेत्राचे नियम स्थिर आहेत आणि हे नियम वाढत जाणार आहेत. ते मूळ नाव बदलून परत देणारे नसावे. नाव शेतकऱ्याने दिले तसेच राहावे आणि फंक्शनने तुलनेसाठी एक वेगळी किल्ली तयार करावी. ती किल्ली कोणीतरी डेटाबेसमध्ये साठवणारच, आणि मग पुढच्या आवृत्तीत अनुस्वाराचा एखादा नियम वाढवलात की जुन्या व नव्या किल्ल्या जुळणार नाहीत, जरी तुमच्या एकाही फंक्शनची सही बदललेली नसली. म्हणून किल्लीच्या सुरुवातीलाच नियमसंचाचा क्रमांक लिहा, म्हणजे जुनी किल्ली ओळखून ती मूळ नावावरून पुन्हा तयार करता येईल, आणि नियमसंच बदलणारे प्रत्येक रिलीज मेजर समजा.

निफाडकर

नियमसंचाचा क्रमांक सुचला नव्हता. तसेच करतो. रिपॉझिटरी सार्वजनिक झाली की दुवा याच धाग्यावर देईन. जेसन फाइलीत आपापल्या भागातली उदाहरणे घालायला सर्वांना वाव राहील, विशेषतः कळवण आणि सुरगाण्याकडच्या याद्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना.